मॉड्युलर किचनची रास्त किंमत : बाजाराचा आणि मतभेदांचा आढावा

पुण्यात, ठाण्यात किंवा नाशकात दोन बेडरूमच्या फ्लॅटमधल्या एल आकाराच्या स्वयंपाकघरासाठी तीन ठिकाणी चौकशी केली, तर एक जण दीड लाख सांगतो, दुसरा तीन आणि तिसरा साडेपाच, असा अनुभव अनेकांना येतो. तिघांनी संगणकावर दाखवलेली चित्रे जवळजवळ सारखीच असतात. मग मधले चार लाख कशाचे? पहिला निकृष्ट माल देणार आहे, तिसरा लुटतो आहे, की तिघेही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि मुळात ते तीन वेगळ्या वस्तू विकत आहेत?

या प्रश्नाभोवती गेल्या दोन-तीन दशकांत बरीच मते तयार झाली आहेत. सुतार एक सांगतो, कंपनीचा डिझायनर दुसरे, ग्राहक चळवळीतले कार्यकर्ते तिसरे आणि शेजारी चौथे. गृहकर्जाचा हप्ता नुकताच सुरू झालेल्या घरात हा निर्णय घाईने घेतला जातो आणि पुढची पंधरा वर्षे तो रोज वापरावा लागतो. म्हणून ही मते नेमकी कशावर उभी आहेत, कुठे जुळतात आणि कुठे अडतात, हे एकदा नीट मांडायला हवे.

ओट्यापासून मॉड्युलरपर्यंत

मापात बसवलेल्या स्वयंपाकघराची आधुनिक कल्पना युरोपातली. १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद स्त्रीने फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी एक आटोपशीर स्वयंपाकघर रेखाटले. बाईला किती पावले चालावी लागतात, हात कुठवर पोचतो याचा अभ्यास करून कपाटे, सिंक आणि ओटा एका रचनेत बसवला होता. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे तिथे बांधली गेली. पुढे युरोपात ठरावीक मापांची कपाटे कारखान्यात बनू लागली.

आपल्याकडे वाट वेगळी होती. गॅस आला तशी चूल जमिनीवरून कमरेच्या उंचीवर गेली. ओटा गवंडी बांधायचा, खाली कडप्प्याच्या उभ्या-आडव्या फरश्या, त्यावर डबे आणि पुढे पडदा किंवा सुताराने केलेली दारे. नंतर त्याच कडप्प्याच्या कप्प्यांत स्टीलच्या सरकत्या ट्रॉल्या बसू लागल्या. महाराष्ट्रात अजूनही अनेक घरांत ‘ट्रॉल्या केल्या’ असेच म्हणतात, आणि ट्रॉलीवाले हा मोठा, स्वतंत्र व्यवसाय आहे. त्यानंतर कारखान्यात कापलेल्या बॉक्सचे मॉड्युलर किचन आले. मुंबईत स्लीकसारखी कंपनी नव्वदच्या दशकात उभी राहिली आणि २०१३ मध्ये एशियन पेंट्सने तिच्यात ५१ टक्के हिस्सा घेतला. आयकियाने २०१८ मध्ये हैदराबादेत आणि डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईत दुकान उघडले. बंगळुरूतून वाढलेल्या लिव्हस्पेस, होमलेनसारख्या कंपन्यांनी मोबाइलवर अंदाजपत्रक द्यायला सुरुवात केली.

ही वाट लक्षात ठेवायला हवी, कारण आज बाजारात या सगळ्या पिढ्या एकत्रच वावरतात. जागेवर बसून काम करणारा राजस्थानी सुतार, ट्रॉलीवाला, गावातल्या कारखान्यातून बॉक्स आणून बसवणारा दुकानदार, मोठी भारतीय कंपनी आणि आयात केलेले जर्मन-इटालियन किचन विकणारी शोरूम हे सारे ‘मॉड्युलर’ हाच शब्द वापरतात. किमतीचा पहिला गोंधळ इथूनच सुरू होतो.

फूट कुठून कुठवर

दुसरा गोंधळ मोजमापाचा, आणि माझ्या मते तो मालाच्या गोंधळापेक्षा मोठा आहे.

बाजारात किमान चार रीती आहेत. रनिंग फुटावर दर, समोरच्या क्षेत्रफळाच्या चौरस फुटावर दर, एकेका बॉक्सची वेगळी किंमत, आणि माल घरमालकाचा व मजुरी सुताराची. दर ऐकून दोन कोटेशनांची तुलना करणारा माणूस बहुधा वेगवेगळ्या एककांची तुलना करत असतो, आणि एकक एकच असले तरी ते मोजायची पद्धत एक नसते.

एल आकाराचा ओटा घ्या. एक भिंत १० फूट, दुसरी ८ फूट, ओट्याची खोली २ फूट. दोन्ही भिंतींलगत टेप धरला तर १८ रनिंग फूट भरतात. कोपरा एकदाच धरला तर १६. आणि ओट्यासमोर उभे राहून प्रत्यक्ष दारे-ड्रॉवर जिथे येतात तेवढेच मोजले तर १४. दर फुटाला १०,००० रुपये धरला, तर याच कामाची किंमत एका मापाने १,८०,०००, दुसऱ्याने १,६०,००० आणि तिसऱ्याने १,४०,००० होते. तिन्ही मापांच्या बाजूने बोलता येते. कोपऱ्यातही बॉक्स असतो, तो बनवायला कठीण असतो, म्हणून तो धरायला हवा, असे विक्रेता म्हणतो. जिथे हात पोचत नाही त्या जागेचे पैसे दोनदा का, असे ग्राहक विचारतो. दोघांचेही खरे आहे. अडचण एवढीच की हा वाद कोटेशनच्या वेळी होत नाही, अंतिम बिलाच्या वेळी होतो.

चौरस फुटाचा दर जास्त शास्त्रीय वाटतो, पण त्यातही खाच आहे. ६०० मिलिमीटर रुंद आणि ७२० मिलिमीटर उंच अशा खालच्या एका बॉक्सचे समोरचे क्षेत्रफळ साडेचार चौरस फुटांपेक्षा थोडे जास्त. मात्र दोन बाजू, तळ, वरच्या पट्ट्या, एक फळी आणि शटर मिळून त्यात १८ मिलिमीटरचा बोर्ड सुमारे २१ चौरस फूट जातो. पाठीचा पातळ बोर्ड आणि कापताना वाया जाणारा तुकडा वेगळाच. समोरून दिसते त्याच्या चौपटीहून जास्त माल आत असतो. आता तीच रुंदी दोन छोट्या बॉक्समध्ये विभागली, तर समोरचे क्षेत्रफळ तेवढेच राहते, पण मधल्या दोन बाजूंचा आठ-साडेआठ चौरस फूट बोर्ड वाढतो. फळीऐवजी तीन ड्रॉवर घातले, तर बोर्डाचा हिशेब बदलतोच, शिवाय तीन जोड्या रनर लागतात. चौरस फुटाचा दर यातले काहीच सांगत नाही.

म्हणून बॉक्सनिहाय किंमत सांगणारी पद्धत मला सर्वांत पारदर्शक वाटते. आयकिया अशी यादी खुलेपणाने लावते. बॉक्स, शटर, बिजागरी, ड्रॉवर, हँडल यांची किंमत सुटी दिसते, आणि घरी पोचवणे व बसवणे यांचे पैसे वेगळे धरावे लागतात. या पद्धतीवरचा आक्षेपही दखल घेण्याजोगा आहे. आपल्या इमारतींत भिंती काटकोनात नसतात, बिल्डरने आधीच ग्रॅनाइटचा ओटा आणि त्याखाली कडप्प्याचे आधार दिलेले असतात, गॅसची पाइप मध्येच येते. ठरावीक मापाचे बॉक्स तिथे बसत नाहीत, फिलर पट्ट्या वाढतात आणि जागा वाया जाते. जागेवर माप घेऊन काम करणारा मिस्त्री इथे खरोखर उपयोगी पडतो, आणि त्याच्या कामाला बॉक्सची छापील किंमत लावता येत नाही.

सरकारी बांधकामाशी याची तुलना केली की उणीव कळते. तिथे मोजमाप कसे घ्यायचे यासाठी आयएस १२०० हे भारतीय मानक आहे, त्याचा एक भाग लाकूडकामासाठीच आहे. दरांसाठी सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची असते. शाळेच्या खिडकीला मोजमापाचा नियम आहे. कुटुंबाच्या बचतीतून होणाऱ्या लाखांच्या स्वयंपाकघराला मात्र नाही.

लॅमिनेटच्या आत काय आहे

अर्थशास्त्रात वस्तूंची एक उपयुक्त विभागणी आहे. फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये दाखवले की काही गुण विकत घेण्याआधी पाहून कळतात आणि काही वापरल्यावर. १९७३ मध्ये मायकल डार्बी आणि एडी कार्नी यांनी तिसरा वर्ग जोडला : जे गुण विकत घेऊन वापरल्यावरही ग्राहकाला सहज पारखता येत नाहीत, त्यांच्यासाठी विश्वासावरच विसंबावे लागते. स्वयंपाकघरात हे तिन्ही वर्ग एकत्र आहेत. शटरचा रंग आणि चकाकी दुकानातच दिसते. ड्रॉवर कसा सरकतो, भरल्या कढयांच्या वजनाने झुकतो का, हे काही महिन्यांत कळते. लॅमिनेटच्या आत कोणता प्लायवूड आहे, हे मात्र पाणी शिरून तो फुगेपर्यंत कळत नाही. किमतीतली मोठी तफावत नेमकी याच न दिसणाऱ्या भागात असते.

प्लायवूडचे तीन दर्जे बाजारात ऐकू येतात : एमआर (ओलावा सोसणारा), बीडब्ल्यूआर (उकळते पाणी सोसणारा) आणि बीडब्ल्यूपी. पहिले दोन आयएस ३०३ या मानकाखाली येतात. बीडब्ल्यूपी म्हणजे मरीन प्लायवूड, त्याचे मानक आयएस ७१०. त्याच्या चाचणीत नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात. दुकानात ‘वॉटरप्रूफ प्लाय’ असे तोंडी सांगितले जाते तेव्हा यातला कोणता, हे विचारायला हवे आणि मानकाचा क्रमांक कोटेशनवर लिहून घ्यायला हवा. आयएस ७१० चा चांगल्या कंपनीचा १८ किंवा १९ मिलिमीटरचा बोर्ड सध्या चौरस फुटाला ढोबळमानाने शंभर ते पावणेदोनशे रुपयांच्या पट्ट्यात मिळतो. हा पट्टाच एवढा रुंद आहे की एका स्वयंपाकघरात त्यातून हजारोंचा फरक पडतो.

प्लायवूड की इंजिनिअर्ड बोर्ड, हा वाद अजून चालू आहे. युरोपातली बहुसंख्य स्वयंपाकघरे पार्टिकल बोर्डाची असतात आणि ती वर्षानुवर्षे टिकतात, असे कारखानदार सांगतात. बोर्ड सपाट असतो, मशीनवर अचूक कापला जातो, कडा नीट बंद केल्या तर पाणी आत जात नाही. एचडीएचएमआरसारखे दाट, ओलावा सोसणारे बोर्ड आता सर्रास वापरले जातात. सुतारांचा आणि अनेक गृहिणींचा अनुभव उलट आहे. आपण ओटा पाण्याने धुतो, फरशीवर पाणी टाकतो, सिंकखाली गळती महिनोन्महिने चालते, आणि कोकणपट्टीत पावसाळ्याचे चार महिने हवा दमट असते. पार्टिकल बोर्डात एकदा पाणी शिरले की स्क्रू धरत नाही. दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या परिस्थितीत बरोबर आहे. सिंकखाली आणि खालच्या बॉक्सना मरीन प्लायवूड, वरच्या कपाटांना चांगला बोर्ड, अशी विभागणी बरेच जाणकार सुचवतात, आणि ती मला पटते. पण कोटेशनमध्ये सगळ्या बॉक्ससाठी एकच दर लावला असेल, तर या विभागणीतून वाचलेले पैसे ग्राहकाकडे येत नाहीत, विक्रेत्याकडे राहतात.

स्टीलबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. ट्रॉली घेताना लोक चुंबक लावून पाहतात. चिकटला नाही तर ‘३०४ आहे’ असे समजतात. प्रत्यक्षात ३०४ आणि स्वस्त २०२ हे दोन्ही प्रकार मुळात चुंबकाला न ओढणाऱ्या जातीचे आहेत. फरक निकेलचा आहे. ३०४ मध्ये ते साधारण ८ ते साडेदहा टक्के असते, २०२ मध्ये ४ ते ६ टक्के, आणि उरलेले काम मँगनीजवर भागवलेले असते. चुंबकाने फार तर आणखी हलका प्रकार ओळखू येईल, हे दोन वेगळे करता येणार नाहीत. त्यासाठी थेंब टाकून रंग पाहायची रासायनिक चाचणी असते. ट्रॉलीवाल्याने ३०४ चा दर लावला असेल, तर त्याच्यासमोर ती करून मागण्यात संकोच नको.

बिजागरी आणि रनर हा किमतीतला सर्वांत लवचीक भाग. ब्लुम, हेटिच, हेफेले ही युरोपीय नावे आणि एब्कोसारखी भारतीय कंपनी ग्राहकाला तोंडपाठ असतात. मात्र प्रत्येकीच्या मालात अनेक श्रेणी आहेत. ‘हेटिचचे हार्डवेअर’ एवढे लिहिलेले कोटेशन जवळजवळ काहीच सांगत नाही; मॉडेल, वजन पेलण्याची क्षमता आणि नग लिहिलेले कोटेशन बरेच सांगते.

चार भूमिका

मोजमाप आणि माल एवढे कळल्यावरही रास्त किंमत म्हणजे काय, याबद्दल एकमत होत नाही, कारण ‘रास्त’ कशाच्या तुलनेत, यावरच चार वेगळ्या भूमिका आहेत.

पहिली भूमिका खर्चाची. बोर्ड, लॅमिनेट, हार्डवेअर, मजुरी, वाहतूक यांची बेरीज करा, त्यावर वाजवी नफा ठेवा; जे येईल ते रास्त. स्वतंत्र सुतार आणि लहान कारखानदार हीच भाषा बोलतात. पुण्यातल्या भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये स्वतः जाऊन प्लायवूड आणणारे घरमालकही याच पंथाचे. या पद्धतीचे बळ असे की प्रत्येक आकडा तपासता येतो. मर्यादा अशी की घरमालकाला स्वतःचा वेळ, मालाची पारख, वाया गेलेल्या बोर्डाचा हिशेब आणि सुतारावरची देखरेख हे सगळे खर्चात धरावे लागते, आणि ते बहुधा कोणी धरत नाही. कामात दोष निघाला तर तो तुमच्या मालाचा की माझ्या मजुरीचा, या वादात जबाबदारी निसटते.

दुसरी भूमिका कंपन्यांची. त्यांच्या मते ग्राहक लाकूड विकत घेत नाही. आराखडा, अचूकता, ठरलेल्या तारखेला काम पूर्ण होणे आणि पुढची दहा वर्षे फोन उचलणारे कोणीतरी असणे, हे तो विकत घेतो. शोरूमचे भाडे, डिझायनरचा पगार, मशीनवर लावलेली एज बँडिंग म्हणजे कडपट्टी, सेवा पथक हे सारे खरे खर्च आहेत आणि ते प्लायवूडच्या दरात दिसत नाहीत. हा युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नाही. हाताने चिकटवलेली कडपट्टी आणि मशीनने दाबलेली कडपट्टी यांतला फरक सिंकजवळ दोन पावसाळ्यांत दिसतो. पण या भूमिकेची कसोटी वॉरंटीच्या कागदात आहे. ‘दहा वर्षे वॉरंटी’ या शब्दांखाली ओलाव्याने झालेले नुकसान वगळलेले असेल, बिजागरीची वॉरंटी फक्त उत्पादन दोषापुरती असेल आणि माणूस पाठवण्याचे शुल्क वेगळे असेल, तर ज्या सेवेसाठी जास्त पैसे घेतले तीच सेवा कमी भरते.

तिसरी भूमिका बाजाराची. तीन-चार कोटेशने मागवा, घासाघीस करा. मोकळ्या स्पर्धेत जो दर स्थिर होतो तोच रास्त. ग्राहक चळवळीने याला सामूहिक खरेदीची जोड दिली. १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीने किराण्यासारख्या वस्तूंत सामूहिक खरेदी-वितरण यशस्वी करून दाखवले. त्याच धर्तीवर नव्या सोसायटीतली काही कुटुंबे एकत्र येऊन एकाच कारखानदाराकडून स्वयंपाकघरे करून घेतात. एकाच आराखड्याचे फ्लॅट असतील तर यात खरी बचत होते, कारण माप, कटाई आणि वाहतूक वाटली जाते. मात्र तीन कोटेशनांचा सल्ला एका अटीवरच चालतो : तिन्ही एकाच वर्णनावर मागवलेली असावीत. प्रत्येक विक्रेत्याला आपापला आराखडा करू दिला, तर शेवटी समोर येणाऱ्या तीन आकड्यांचा एकमेकांशी संबंध नसतो, आणि सर्वांत स्वस्त कोटेशन बहुधा सर्वांत कमी वस्तूंचे असते.

चौथी भूमिका वापराची. किंमत वर्षांत वाटून पाहा, असे ही माणसे सांगतात. दीड लाखाचे काम सहा वर्षे टिकले तर वर्षाला २५,०००. तीन लाखांचे पंधरा वर्षे टिकले तर २०,०००. शिवाय रोज तीन-चार तास तिथे उभे राहणाऱ्या व्यक्तीच्या कमरेचा आणि गुडघ्यांचा हिशेब यात यायला हवा, असे त्या व्यक्ती स्वतः सांगतात, आणि माझ्या मते तो या साऱ्या चर्चेत सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे. ओट्याची उंची दोन इंच चुकली तर उत्तम प्लायवूडही दुखणे थांबवत नाही. खालच्या फळ्यांऐवजी ड्रॉवर महाग पडतात, पण वाकणे वाचते. या भूमिकेची अडचण म्हणजे टिकण्याची वर्षे आधी कोणालाच नक्की ठाऊक नसतात, आणि विक्रेता आपल्या सोयीचा आकडा सांगतो.

कर आणि सवलत

कंपनी आणि सुतार यांची तुलना करताना जीएसटीचा हिशेब हमखास चुकतो. मॉड्युलर किचनवर १८ टक्के कर लागतो. तीन लाखांवर ५४,०००. सुताराच्या बिलात तो दिसत नाही. वस्तू विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत आणि सेवा देणाऱ्याची २० लाखांच्या आत असेल, तर सर्वसाधारणपणे नोंदणी बंधनकारक नसते. तेव्हा सुताराचे बिल करमुक्त असणे बेकायदा असेलच असे नाही. पण सुताराच्या कामात तुम्ही आणलेल्या प्लायवूडवर, लॅमिनेटवर, रनरवर कर आधीच भरलेला असतो. कंपनी खरेदीवरचा कर वजावट म्हणून परत मिळवते आणि अखेरीस पूर्ण रकमेवर लावते. म्हणजे दोन कोटेशनांतला कराचा खरा फरक १८ टक्क्यांपेक्षा बराच कमी असतो. ‘पक्के बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील’ असे सांगणारा विक्रेता हा हिशेब देत नाही, आणि बिलाबरोबर तक्रारीचा पुरावाही जातो हेही सांगत नाही.

सवलतींबद्दल ग्राहक आणि विक्रेते यांच्यात फार तीव्र मतभेद आहेत. सणासुदीला ‘३० टक्के सूट’, ‘वूडवर्कवर ५० टक्के’, ‘चिमणी फुकट’ अशा जाहिराती येतात. विक्रेत्यांचे म्हणणे असे की हंगामात माल एकत्र घेतल्याने खरेच दर पडतात. टीकाकार विचारतात की मूळ किंमत कोणी कधी दिली होती का. हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. ब्रिटनमध्ये २०१३ साली ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग या सरकारी संस्थेने सहा फर्निचर आणि गालिचा विक्रेत्यांच्या ‘आधी इतके, आता इतके’ अशा किमतींची चौकशी केली होती. आपल्याकडे पाकीटबंद वस्तूवर कमाल किरकोळ किंमत छापावी लागते, म्हणून चिमणी, हॉब यांची सूट पडताळता येते. मापानुसार बनवलेल्या कपाटांना अशी छापील किंमतच नसते. त्यामुळे त्यांच्यावरच्या टक्केवारीला तपासण्याजोगा पाया नाही. अशा जागी टक्केवारी सोडून अंतिम रक्कम आणि तिच्यात काय-काय आहे एवढेच पाहणे योग्य.

कायदा कुठवर पोचतो

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्याखाली सदोष वस्तू आणि सेवेतील त्रुटी यांविरुद्ध दाद मागता येते. ५० लाखांपर्यंतच्या व्यवहारांची तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. २०२२ मध्ये फसव्या जाहिरातींविषयी आणि २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’ म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या ऑनलाइन मांडणीविषयी मार्गदर्शक तत्त्वे आली. ऑनलाइन किंमत आधी कमी दाखवून शेवटी शुल्के चढवत जाणे हा त्यातला एक निषिद्ध प्रकार आहे.

मात्र ‘किंमत जास्त होती’ एवढ्या कारणावर आयोग मदत करू शकत नाही. कायद्यात किमतीची तक्रार तेव्हा बसते, जेव्हा विक्रेत्याने कायद्याने ठरलेल्या, वस्तूवर किंवा दरपत्रकावर दाखवलेल्या, अथवा दोघांत ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त घेतले असेल. स्वयंपाकघराला पहिल्या दोन कसोट्या क्वचितच लागू पडतात. उरते ती ठरलेली किंमत, आणि काय ठरले होते ते कागदावर नसेल तर तीही हातची जाते. लिहिलेल्या कोटेशनचे महत्त्व यासाठी आहे.

जे अजून सुटलेले नाही

मोजमापाचा एकच संकेत असावा का, हा पहिला न सुटलेला प्रश्न. असावा असे मला ठामपणे वाटते, तरी लहान सुतारांची भीती खोटी नाही. मानक आले की कागदपत्रे येतात, आणि कागदपत्रांत मोठी कंपनी जिंकते.

दुसरा प्रश्न आगाऊ रकमेचा. मोठ्या रकमा काम सुरू होण्याआधी घेतल्या जातात. कारखानदार म्हणतो, मापानुसार कापलेला माल दुसऱ्या कोणाला विकता येत नाही, तेव्हा धोका माझा आहे. ग्राहक म्हणतो, पैसे दिल्यावर तारीख पुढे ढकलली तर माझ्या हातात काही उरत नाही. टप्प्यांत पैसे द्यावेत यावर सर्वसाधारण सहमती आहे; बसवून झाल्यावर, शटरची रेषा आणि ड्रॉवर तपासल्यावर द्यायची शेवटची रक्कम किती असावी, यावर नाही.

तिसरा प्रश्न माहितीचा. शेअरचे आणि कांद्याचे भाव रोज छापून येतात. कोणत्या शहरात, कोणत्या मालाचे, किती मापाचे स्वयंपाकघर कितीला झाले, याची विश्वासार्ह सार्वजनिक नोंद कुठेच नाही. लोक आपले आकडे शेजाऱ्याला सांगतात, पण रकमेबरोबर प्लायवूडचा दर्जा, ड्रॉवरची संख्या आणि मोजमापाची रीत सांगत नाहीत. त्यामुळे ‘त्यांचे तर दोन लाखांत झाले’ हे वाक्य घरात भांडण लावते, माहिती देत नाही.

या तिन्ही प्रश्नांवर सरकारची वाट न पाहता सुरुवात करता येईल. ग्राहक संघटनांनी आणि गृहनिर्माण सोसायट्यांच्या महासंघांनी मराठीत एक पानाचा नमुना तक्ता काढावा. प्रत्येक बॉक्सची रुंदी-उंची-खोली, बोर्डाचा प्रकार आणि मानक क्रमांक, लॅमिनेटची जाडी, हार्डवेअरचे मॉडेल आणि नग, स्टीलची श्रेणी, कोपरा कसा मोजला, कर, वाहतूक, बसवण्याची मजुरी, वॉरंटीतून काय वगळले आणि पैशांचे टप्पे, एवढे रकाने त्यात असावेत. विक्रेत्याने तो भरून द्यावा आणि सोसायटीने पूर्ण झालेल्या कामांचे तक्ते नावे काढून जपून ठेवावेत. तोवर वाचकांना एवढीच विनंती की टोकन देण्याआधी हे रकाने साध्या वहीच्या पानावर आखून विक्रेत्यापुढे ठेवा, आणि जो भरून सही करायला तयार नसेल त्याला पैसे देऊ नका.